च्च

"आजी, तुम्ही काही सांगायचं नाही हं," परीक्षा घेणारी पोरगी मला दटावत होती. मला!

पाळणाघराच्या खोलीत तिनं संगणकाचा पडदा मांडला होता. पडद्यावर चार डबकी. एकातून बेडूक डोकं काढायचा, आणि माझ्या चार वर्षांच्या नातीनं, मिरीनं, त्यावर बोट ठेवायचं. सून कामावर, म्हणून सोबतीला मी.

"यात शिकवता काय?"

"काहीच नाही. बेडूक ठरलेल्या क्रमानं येतो, पण ते सांगायचं नाही. मुलं नुसती बघून उचलतात. मग आम्ही क्रम मोडतो. बोट अडखळलं की समजायचं, शिकलंय."

"न शिकवता परीक्षा! आमच्या मास्तरांना हे सुचलं असतं, तर माझी शाळा दुसरीत सुटली नसती."

आणि खरंच, मिरीचं बोट बेडकाच्या आधी डबक्यावर जाऊ लागलं. माझी मान ताठ. शेवटी बी कुणाचं!

तेवढ्यात पोरीच्या हातून पेन पडलं. मिरीनं भुवई चढवली आणि टाळूला जीभ लावली. "च्च!"

"अगंबाई!" पोरगी खो खो हसली. "हे कुणी शिकवलं गं?"

"कुणीच नाही," मिरी म्हणाली.

मी चष्मा पुसत बसले. सुनेला मी कधी वाकडा शब्द बोलले नाही, हे चारचौघांत ठणकावून सांगते. दूध उतू गेलं, च्च. यायला उशीर झाला, च्च. शब्द लागतोच कशाला?

घरी येईपर्यंत एकच धास्ती. सुनेनं हे स्वतःच्या पोरीच्या तोंडून ऐकलं तर?

संध्याकाळी सून आली ती तशीच ओट्याशी लागली. मिरी माझ्या मांडीवर. सुनेच्या हातून झाकण निसटलं, फरशीवर गरगरलं. माझी जीभ उठलीच होती, दातांखाली धरली.

झाकण थांबायच्या आत मांडीवरून आवाज आला. "च्च!"

सुनेनं वळूनही पाहिलं नाही. "चुकलं हं, आई. हात ओला होता," म्हणत ती वाकली.

"आई, ते मी..." मिरीनं तोंड उघडलं. मी त्यावर अलगद हात ठेवला.

"असू दे गं," मी सुनेला म्हणाले. "दमून आली आहेस."

तिचा हात झाकणाशीच अडखळला. पुढं काय येतंय याची वाट बघत ती तशीच, पाठमोरी, वाकून राहिली.