बटणाशेजारची पट्टी

गाडी सुरूच होईना. मागच्या सीटवर ह्यांचं डोकं शेजारच्या बनुबाईच्या मांडीवर, अंगाला घामाच्या धारा, हात छातीशी घट्ट धरलेला. आणि मी ड्रायव्हरच्या जागेवर बसून, ब्रेकवर पाय रोवून ते मेलं बटण दाबतेय. दाबलं की समोरचे दिवे लागत होते, पण इंजिनाचं हूं नाही की चूं नाही. परत दाबलं, दिवे गेले. परत दाबलं, दिवे आले. आवाज नाहीच.

"इंदू..." एवढंच हे म्हणाले आणि थांबले.

ही गाडी आमच्या दारात आलीच कशी ते आधी सांगते. कारण त्या क्षणी मी ती घेणाऱ्याच्या नावानं मनातल्या मनात बोटं मोडत होते, आणि तो घेणारा माझ्या मागे निपचित पडला होता.

आम्ही तिसगावचे. हे, म्हणजे शामकांत, हायस्कूलात बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून रिटायर झाले. मी प्राथमिकला होते. मुलगा गंधार पुण्यात, घरात आम्ही दोघंच. ह्यांना एक खोड आहे. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर लावतात ना, तशा पांढऱ्या पट्ट्या घरभर चिकटवायच्या. मोहरीच्या डब्यावर 'मोहरी', पंख्याच्या बटणावर 'पंखा', गॅसच्या नळीपाशी 'बंद केलास का?' मी एकदा म्हटलं, "अहो, माझ्या कपाळावरही लावा एक, 'बायको' म्हणून." हसायचं सोडून हे म्हणतात, "गडबडीत माणूस काय दाबेल सांगता येत नाही."

दिवाळी झाली आणि हे एकटेच नगरला गेले, पेन्शनचं काम आहे म्हणून. आले ते नव्या गाडीचं खूळ घेऊनच. आमची जुनी डिझेल गाडी चांगली धडधाकट होती, तिला काय धाड भरली होती?

"तिचा क्लच तुझ्या गुडघ्याला झेपत नाही," हे म्हणाले.

"मला कुठं मेलीला चालवायचीय?"

चालवायला शिकले होते मी, चाळिशीत, हौसेनं. पण एकदा मागे घेताना बनुबाईच्या शेळ्यांचं शेड पाडलं. शेळ्या वाचल्या, माझी अब्रू गेली. तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

मग महिनाभर घरात दुसरा विषय नाही. गंधारनं फोनवर सांगितलं, बाबा, इलेक्ट्रिक घ्या. तर ह्यांचे प्रश्न सुरू. लाईट गेलेली असली तर? रात्री प्लग लावायचा राहिला तर? अर्ध्या वाटेत बॅटरी उतरली तर? पलीकडच्या गल्लीतले खाजाभाई टॅक्सी चालवतात, ते म्हणाले, "सर, सीएनजीच घ्या. लई परवडती." आणि लगेच स्वतःचीच फजिती हसत हसत सांगून बसले. गॅसवर चालवायची सवय, म्हणून पेट्रोलची टाकी वर्षानुवर्षं तळाला. एकदा घाटात गॅस संपला, गाडी पेट्रोलवर टाकली, तर कोरड्या टाकीत पेट्रोलचा पंप कधीच जळून गेलेला. अख्खं वऱ्हाड रस्त्यावर उभं. "समदे सीएनजीवाले असंच करत्यात, सर," म्हणाले वर. ह्यांनी वहीत सीएनजीवर फुली मारली.

"ऐन वेळी दगा देणारं काही नको," हे म्हणाले.

"कसली ऐन वेळ? आपण काय आग विझवायला जाणार आहोत?"

ह्यांनी वही मिटली. हल्ली हे असंच करत होते. बोलता बोलता गप्प व्हायचे, जिन्यात मध्येच थांबायचे, आणि मी बघितलं की चपलेचा अंगठा नीट करायचं सोंग करायचे. मला आत कुठंतरी भीती वाटत होती, पण मी ती रागानं झाकत होते. तो माझा स्वभावच आहे.

शोरूममध्ये तो पोरगा किती ॲव्हरेज देते ते घोकून सांगत होता. हायब्रीड म्हणजे पेट्रोलही आणि बॅटरीही, बॅटरी चालता चालता आपली आपण भरते, प्लगबिग काही लावायचा नाही. ह्यांनी ॲव्हरेज ऐकलंच नाही. ह्यांनी विचारलं, "पंधरा दिवस दारात उभी राहिली तर लगेच निघेल का?" निघेल. "क्लच नाही ना?" नाही. मग माझ्याकडे बोट दाखवून, "हिला एकटीला नगरपर्यंत नेता येईल का?" तो पोरगा हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चारचौघांत बायकोची थट्टा करायची म्हणजे काय! मी तिथंच तोंड फिरवून बसले.

गाडी आली आणि नवल बघा, हे चालवेनातच. कुठं जायचं झालं की खाजाभाईंना बोलवायचे. मला मात्र रोज सकाळी मागे लागायचे, "चल, मिरीच्या रस्त्याला एक चक्कर मार." मी चार-पाचदा मारली, कुरकुरत. हे शेजारी बसून शाळेत शिकवावं तसं सांगायचे. आणि बटणाशेजारी तीच पांढरी पट्टी, ह्यांच्या गोल अक्षरात: 'इंदू, आवाज येणार नाही. ब्रेकवर पाय ठेवून एकदाच दाब. हिरवी अक्षरं आली की निघ.'

नव्याकोऱ्या गाडीत पट्टी! गंधार व्हिडिओ कॉलवर खो खो हसला, "आई, तुझ्यासाठी बालवाडीच काढली बाबांनी." मला इतका संताप आला की मी त्याच संध्याकाळी ती पट्टी खरवडून काढली आणि चोळामोळा करून फेकून दिली. ह्यांना दिसलं.

त्यानंतर आठच दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमाराला, हे ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी चहा घेऊन आले तर ताट कलंडलेलं, दाणे सगळीकडे. "छातीवर कुणीतरी बसलंय," हे म्हणाले. स्वतःच खिशातून एक गोळी काढून जिभेखाली ठेवली. ती गोळी कुठून आली हे विचारायला मला सुचलंच नाही.

गावातले डॉक्टर लग्नाला गेलेले. फोनवर म्हणाले, थांबू नका, नगरला हृदयाच्या दवाखान्यात न्या. रुग्णवाहिका शेवगावकडे पेशंट घेऊन गेलेली, यायला पाऊण तास. खाजाभाईंना फोन लावला तर ते नगरमध्ये गॅसच्या रांगेत. "वैनी, म्होरं अकरा गाड्या हायती. तुमी निघा, मी दवाखान्याच्या दारात थांबतो." निघा! कोणी निघा? बनुबाई कुंपणावरून धावत आली, दोघींनी ह्यांना कसंबसं गाडीत घातलं.

आणि आता गाडी सुरू होत नव्हती.

"देवा, हिची बॅटरी गेली," मी रडकुंडीला येऊन म्हणाले. परत दाबलं. परत दिवे, परत अंधार.

"बाई, धीर धरा," बनुबाई म्हणाली, "पर लौकर करा."

मी पुन्हा बटण दाबायला गेले आणि अंगठा बाजूला सरकला. काहीतरी चिकट लागलं. पट्टीचा डिंक. पट्टी मी काढली होती, पण डिंक राहिला होता, आणि त्यावर धूळ बसून चौकोन उमटला होता. त्या चौकोनाकडे बघताच ह्यांचं अक्षर न् अक्षर डोळ्यांपुढे आलं. आवाज येणार नाही. एकदाच दाब. म्हणजे गाडी मघाच सुरू झाली होती! मीच मूर्ख, आवाज नाही म्हणून दर खेपेला ती बंद करत होते.

ब्रेकवर पाय. एकदाच दाबलं. हात मांडीखाली कोंबला, परत दाबू नये म्हणून. हिरवी अक्षरं आली. गिअरचा दांडा ओढला, पाय सोडला, आणि गाडी गुपचूप फाटकाबाहेर निघाली.

"आगं बया, चालली की!" बनुबाई ओरडली.

रस्ता मी कसा कापला ते विचारू नका. उसाच्या ट्रॉल्या, दोन-दोन जोडलेल्या, हेलकावे खात चाललेल्या. एकीला ओलांडायला गेले तर समोरून बस. मागे आले, पुन्हा गेले. आरशात मला फक्त बनुबाईचा पदर दिसत होता, ह्यांचा चेहरा नाही. ते जास्त भयंकर होतं.

"अहो, बोलत राहा!" मी ओरडले. "काहीही बोला! ती मूलद्रव्यं म्हणा, पोरांकडून घोकून घेत होतात ती!"

"हायड्रोजन..." मागून आलं. "हेलियम... लिथियम..."

करंजी गेलं. घाटाच्या चढाला लागलो तसं इंजिन आपोआप गुरगुरायला लागलं, आणि त्या आवाजानं मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. "बेरिलियम... बोरॉन..." मग काहीच नाही. एक वळण गेलं. दुसरं गेलं.

"बनुबाई?"

"बोलंनात, बाई."

"पुढचं काय?" मी किंचाळले. "बोरॉननंतर काय? अहो, नापास करीन तुम्हाला!"

तिसऱ्या वळणावर अगदी बारीक आवाज आला. "कार्बन." मी रडत रडतच उरलेला घाट पार केला.

दवाखान्याच्या दारात खाजाभाई स्ट्रेचर धरून उभे होते. रांग सोडून आले होते. ह्यांना आत नेलं. दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले, तरुण होते, थोडे चिडलेले.

"सर स्वतः गाडी चालवत आले का? मी दिवाळीनंतरच बजावलं होतं, गाडीला हात लावायचा नाही म्हणून."

"मी आणली," मी म्हटलं. "दिवाळीनंतर म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या तुंबलेल्या. लगेच ऑपरेशन करून घ्या म्हणालो होतो, सर म्हणाले, घरचं एक काम उरकलं की येतो. आता वाट बघता येणार नाही, आत घेतो. वेळेत आणलंत, पण आत्ताच काही सांगत नाही.

घरचं एक काम. पेन्शनचं काम म्हणून गेले होते ते. गाडी चालवायची नाही असं ज्याला सांगितलं, त्यानं घरी येताच नवी गाडी घ्यायला काढली. क्लच नसलेली, प्लग न लागणारी, रांग नसलेली, दारात उभी असेल तिथून निघणारी. ॲव्हरेज कशाला विचारतील? स्वतःला चालवायची नव्हतीच ती. मला सांगितलं असतं तर भीतीनं मी स्टिअरिंगला हातसुद्धा लावला नसता, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आणि मी शोरूममध्ये रुसून बसले होते.

नर्सनं विम्याचं कार्ड मागितलं. हे महत्त्वाचे कागद गाडीतच ठेवायचे, म्हणून खाली गेले. डॅशबोर्डचा कप्पा उघडला. कार्ड होतं, आणि त्याखाली एक पाकीट. पाकिटात पांढऱ्या पट्ट्या, एकसारख्या, गोल अक्षरातल्या, सात-आठ तरी असतील. पाकिटावर लिहिलं होतं: 'इंदू, पहिली फाडशीलच. ही लाव.'

"अहो, एकदा बाहेर या," मी त्या रिकाम्या गाडीत मोठ्यानं म्हटलं, "मग बघते तुमच्याकडे!" आणि मग मला हुंदका आवरेना.

एक पट्टी सोलून त्या चिकट चौकोनावर लावली. वाकडी लागली. तशीच ठेवली.

वर येऊन ऑपरेशनच्या बंद दारासमोर बसले. बनुबाईनं माझा हात धरला. आतून काही ऐकू येत नव्हतं. आवाज येणार नाही, आवाज येणार नाही, असं मी स्वतःला बजावत राहिले.