अप्पांच्या हातातली सिगार

बापाला सिगारच्या बारमध्ये न्यायचं म्हणजे काय खायचं काम आहे का! पण दिग्विजयने मनावर घेतलं होतं. त्याचे अप्पा, ज्योतीराम, चाकणच्या कंपनीतून रिटायर झाले होते आणि रविवारी कायमचे बार्शीला, थोरल्या भावाकडे निघणार होते. बापलेक एका घरात राहिले खरे, पण शिफ्ट आणि धाक यांच्यामुळे गप्पा अशा कधी झाल्याच नाहीत. अप्पा जायच्या आधी एकदा त्यांच्याशी मित्रासारखं बसायचं, एवढीच त्याची इच्छा.

रावेतच्या त्या गच्चीवरच्या बारमध्ये अप्पा आले ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, आणि बसले ते दवाखान्यात नंबर लावल्यासारखे. दिग्विजयने कोकमाचं कॉकटेल मागवलं. अप्पांनी एक घोट घेतला, मिशी पुसली.

"सरबत झ्याक हाय की."

"अप्पा, त्यात रम आहे."

"मग हळू बोल की!"

वेटर सनीने सिगारचं टोक कापून ती पेटवून दिली. "काका, धूर गिळायचा नाही, नुसता तोंडात घोळवायचा." अप्पांनी घोळवला आणि डोळेच मिटले. दिग्विजयने स्वतःसाठी मात्र मागवली नाही. बापासमोर? छे! तेवढं काही त्याला जमेना.

पण अप्पा खुलले राव, जुन्या गोष्टी सांगू लागले! कंपनीत पत्रे ठोकायच्या प्रेसशॉपमधल्या पहिल्या रात्रपाळीला मशीनच्या आवाजाने असे घाबरले होते, की घास उतरेना; भरलेला डबा वाटेतल्या कुत्र्याला घालून घरी 'जेवलो' म्हणून सांगितलं. दिग्विजय पोट धरून हसला. असा माणूस आपल्याच घरात राहत होता आणि आपल्याला पत्ता नाही, या विचाराने त्याला भरूनही आलं.

तेवढ्यात ग्लासला टेकवून ठेवलेला अप्पांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, आबांचा.

आबा म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर अप्पा आजवर मोठ्याने शिंकलेसुद्धा नव्हते. घाईत बोट हिरव्या बटणावर पडलं, आणि "धर, धर!" करत त्यांनी सिगार लेकाच्या हातात कोंबली. फोनच्या चौकटीत दोघंही दिसत होते.

"ए दिग्या!" आबा कडाडले. "बापाम्होरं धूर काढतुयास? लाज न्हाई वाटत? ज्योतीराम, हेच शिकवलंस व्हय पोराला?"

दिग्विजयने मान खाली घातली. त्याने आपल्या मनाने दिव्या या मुलीशी लग्न ठरवलं तेव्हाही आबांनी त्याला चारचौघांत असंच झापलं होतं आणि अप्पा जमिनीकडे बघत उभे राहिले होते. आताही तेच होणार. कसला मित्र नि कसलं काय, संध्याकाळ गेली बाराच्या भावात!

अप्पांनी घसा खाकरला. हात पुढे करून सिगार परत घेतली.

"आबा, त्याला बोलू नगा. माझी हाय ती."

सिगार काही त्यांनी खाली ठेवली नाही. "पोरानं हौसेनं आणलंय मला. लई गुणाचं पोरगं हाय माझं. तुमच्याम्होरं हे कधी बोललो न्हाई, चुकलंच माझं."

  आबांनी मागे वळून घरात कानोसा घेतला आणि तोंड फोनजवळ आणलं.

"कशी लागती रं?"

"जरा कडक हाय."

"येताना एक आण मग. गोठ्यामागं लपून विडी वढून कटाळलो मी. घरात कुणाला ठावं न्हाई, आन तू धाकटा, तुझ्याम्होरं तरी कशी वढायची?"

फोन बंद झाला. अप्पा खदखदून हसले आणि सिगार लेकापुढे धरली.

"घे. बाथरूमात उदबत्ती कशापायी लावतोस, कळत न्हाई व्हय मला?"

झुरका राहिला बाजूला, दिग्विजयला रडूच फुटलं.

"आरं येड्या, लोकं बघत्यात," अप्पा म्हणाले, आणि आपली खुर्ची ओढून त्याच्या शेजारी येऊन बसले.