पालथी पेटी

मी पेटी बोलतेय. फळ्यांची, गुडघाभर उंचीची. मागाचे सुटे भाग माझ्यातून कबनूरला आले. भाग काढून घेतले आणि मालकानं, आण्णानं, मला शेडमध्ये पालथी घातली. त्या दिवसापासून मी पेटी राहिले नाही, पायरी झाले.

कांडी भरायचं मशीन मोठ्या माणसाच्या मापाचं. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. पोराचा हात मशीनपर्यंत पोचत नाही, म्हणून पायाखाली मी. सरळच सांगते, मोठ्या बाईला माझी गरज कधीच नव्हती.

पहिली चढली जरीना, नऊ वर्षांची. मग पिराजी, मग क्रांती, पुढं नावं कुणी विचारलीच नाहीत. एक पोर उंच झालं की उतरायचं, तेवढ्याच मापाचं दुसरं चढायचं. पंचवीस वर्षं झाली, माझ्यावरचं वजन काही वाढलं नाही. उभ्यानं पाय भरून आले की सगळीच एक टाच आपटायची. टक्, टक्‌टक्. मागांच्या खडखडाटात कुणाला ऐकू येणार?

यंदा जरीनाचं कोपर धरलं. तीच जरीना, अजून तिथंच कांड्या भरणारी.

"पोरीला आण की जोडीला," आण्णा म्हणाला. "नुजहत नऊची झाली न्हवं? खंडेनवमीला उभी कर. मुहूर्त चांगला हाय."

जरीनानं मान खाली घालून पुढची कांडी लावली.

एरवी सुट्टीला शेडला कुलूप. खंडेनवमीला मात्र पूजा, म्हणून माग बंद आणि माणसं आत. धोट्यांना हळद-कुंकू, मशीनला झेंडूचा हार. आण्णानं मलाबी कुंकू लावलं. मला!

नुजहत हसत पुढं आली. पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरून राहिली.

"अम्मी, हिच्यावर कोणतर उभं हाय."

तेव्हा सगळ्यांना ऐकू आलं. टक्, टक्‌टक्. माझ्यावर कुणी नव्हतं. आणि मी हलले नव्हते, खरं सांगते.

"उंदीर असंल," आण्णा म्हणाला, पण दोन पावलं मागं सरला.

"उंदराला बी पाळी लावलीस व्हय रं?" कांडीवाली म्हातारी धोंडुबाई बोलली. हसलं कुणीच नाही.

जरीना स्वतःच्या पायाकडं बघत होती. तिची टाच त्याच तालात हलत होती. तिनं पोरीचा दंड धरला.

"हिचा पाय हितं लागायचा न्हाय, आण्णा. माझ्या कोपराचं मी बघंन."

मायलेकी निघाल्या. दारातून नुजहतनं हात हलवला. माझ्याकडं नाही, माझ्या जरा वर बघून.

आता मशीन चालू आहे आणि आण्णा येणाऱ्याजाणाऱ्या पोरांची उंची बघतोय. मला जाळायला कुणी हात लावत नाही, भितात. कबनूर असो नाहीतर सातासमुद्रापलीकडचं गाव, पोराला मशीनच्या उंचीला आणायला कुणीतरी एक पेटी पालथी घालतंच. मला कुंकू नको. पावणं, सणाची वाट बघू नका. मशीन चालू असतानाच आत या, आणि येताना कुऱ्हाड घेऊन या.