शेवटच्या दाराची पेटी

बाबांसारखा चिक्कू खेळाडू त्या गेमने उभ्या जन्मात पाहिला नसेल. हिरोच्या खांद्याचा लचका तुटलाय, तो एक पाय ओढत चाललाय, पडद्याच्या कडा लालभडक झाल्यात, आणि पिशवीत औषधाच्या बाटल्या गच्च भरल्यात. तरी बाबा म्हणणार, "असू दे. चालतोय ना अजून? पुढे लागेल."

गेमचं मशीन माझ्या धाकट्या भावाचं. घर सोडून गेला तेव्हा ते मागे टाकून गेला. गेममध्ये एक ओसाड इस्पितळ आहे. खोल्याखोल्यांतून झॉम्बी फिरतात आणि प्रत्येक दाराला एक कोडं असतं. आम्ही बापलेकींनी वाटणी करून घेतली होती. कोडी त्यांची, झॉम्बी माझे. घड्याळांचे काटे जुळवायचे, पुतळ्यांची तोंडं फिरवायची, असल्या कामात बाबा रमून जात. मागून घुरघुर ऐकू आली की कंट्रोलर माझ्या हातात कोंबून म्हणत, "घे, गिऱ्हाईक आलं."

गिऱ्हाईकच म्हणणार. आयुष्यभर एका मोठ्या इस्पितळात स्टोअरकीपर होते. खिडकीच्या आत हे, बाहेर हात पसरलेली माणसं. तिथले दोन नियम त्यांनी घरीही लावले. शेवटचा नग खिडकीबाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि जुना माल संपल्याशिवाय नवा फोडायचा नाही. आमच्या घरी साबणाची नवी वडी बघायला मिळायची ती जुनी पार कागदासारखी झाल्यावरच. आई असताना ती तरी भांडून वडी फोडायची. तिच्यानंतर ते खातं माझ्याकडे आलं.

पहिल्यांदा छातीत दुखलं तेव्हा डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या. बजावून सांगितलं, दुखायला लागलं की लगेच ठेवा, वाट बघू नका. आणि बाटली उघडली की गोळ्यांचा जोर कमी होत जातो, म्हणून वरचेवर नवी घ्या. मी घरोघरी पार्सलं पोचवते, घाई माझ्या अंगातच आहे. बाबा मला घाईबाई म्हणतात. नवी बाटली आणायला मी कधी चुकले नाही. "जुनी टाकलीत का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "हो गं घाईबाई, टाकली."

त्या दुपारी मला सुट्टी होती. हिरो शेवटच्या दाराअलीकडच्या खोलीत पोचला होता. त्या खोलीत झॉम्बी येत नाहीत, आणि कोपऱ्यात सामान ठेवायला एक लोखंडी पेटी असते. बाबांनी सगळ्या इस्पितळातली औषधं हेलपाटे घालून त्या पेटीत आणून रचली होती. पेटी भरली तेव्हा पिशवीत. हिरो मात्र मेल्यासारखा लंगडत होता.

"अहो, एक तरी पाजा त्याला," मी म्हटलं.

"शेवटच्या दाराशीच ठेवायची असतात औषधं. हाताशी ठेवली की माणूस उगाच वापरतो." एवढं बोलून त्यांनी गेम थांबवला आणि कंट्रोलर मांडीवरून खाली ठेवला. "घाईबाई, जरा पाणी दे."

आवाज त्यांचा वाटतच नव्हता. मी वळून बघितलं. तळहात छातीवर दाबलेला, कपाळावर घाम, ओठ पांढरे. कधीपासून दुखत होतं कोण जाणे. चालतंय ना अजून, असं म्हणत बसले असणार.

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. निघतोय म्हणाले, गोळी द्या म्हणाले. बाबांच्या खिशातली बाटली काढली आणि एक गोळी जिभेखाली ठेवली. बोटाला पिठूळ लागली. मी त्यांचा हात धरून बसले. काही फरक नाही. उलट श्वास आणखी आखूड झाला. मग बाटलीवरची तारीख दिसली. ही अगदी पहिली बाटली होती. जुनी संपली नव्हती ना, मग नवी कशी फोडणार?

"बाबा, नव्या कुठायत?"

ओठ हलले, शब्द फुटला नाही.

मला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. मी कपाट उपसलं. उशीखाली बघितलं, फ्रिज बघितला, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. आईच्या शिवणाच्या डब्यात बटणं निघाली. ज्या घरात लहानाची मोठी झाले त्या घरात मला एक बाटली सापडत नव्हती. "माझा असा अंत पाहू नका हो बाबा!" मी ओरडले. ते सोफ्यावर एका अंगावर कलंडले होते, डोळे अर्धे मिटलेले.

त्यांना सरळ करायला धावले तेव्हा समोर टीव्ही होता. पडद्यावर तीच खोली, तीच पेटी.

शेवटच्या दाराशी!

आमच्या घराचं शेवटचं दार म्हणजे बाहेरचं, आणि त्यामागे खुंटीला एक पिशवी टांगलेली असायची. दवाखान्यात जायची वेळ आली तर उचलायची म्हणून बाबांनीच भरून ठेवलेली. मी ती जमिनीवर उपडी केली. टॉवेल, कंगवा, जाडे मोजे, आणि मोज्यांच्या आत बाटल्या. मी आणलेली एकूणएक बाटली, सील न फोडलेली.

दातांनी सील तोडलं आणि गोळी त्यांच्या ओठांशी नेली. बाबांनी बाटली बघितली आणि तोंड फिरवलं.

"जुनी... आहे ना," ते कसेबसे म्हणाले. "ही... पुढे..."

"बाबा, पुढे म्हणजे हेच!" माझा आवाज फाटला. "आता याच्या पुढे काही नाही हो. कुणासाठी ठेवताय? मी आहे ना इथे, मला तुम्ही हवे आहात!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे, टीव्हीकडे. तिथे हिरो दारासमोर वाकून उभा होता, एक हात पोटावर धरून.

बाबांनी तोंड उघडलं. मी गोळी जिभेखाली ठेवली आणि त्यांचं डोकं छातीशी धरून बसले. दूरवर ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजत होता, जवळ येत होता की नाही ते कळत नव्हतं. त्यांची बोटं माझ्या मनगटावर हलली. काही सांगायचं होतं. मी कान खाली नेला.

"त्यालाही," ते पुटपुटले, "दे एक."

मी एका हाताने त्यांना घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने कंट्रोलर उचलला.