शेवट ओवीत बसत नाही

सुलाबाईला तो सिनेमा बारा वर्षं उशिरा भेटला. सांगलीत लागला होता तेव्हा ती परकरात होती. सत्तेचाळीसच्या माघात तंबूवाल्यांनी तो कवठे महांकाळच्या माळावर आणला, तोवर फीत झिजून पडद्यावर नुसते ओरखडे उठत होते. दोरीच्या अलीकडे बाया, पलीकडे बाप्ये. शेजारच्या भामाबाईनं ओढून नेलं म्हणून ती गेली.

गोष्ट साधी. एक नावाडी असतो. बायको रागाच्या भरात काहीतरी तोडून बोलते आणि तो नदीपार निघून जातो. मग ती रोज त्याचं ताट वाढून दारात बसते. शेजारणी हसतात. एका संध्याकाळी तो येतो, ताटावर बसतो. आता हा रडणार, असं साऱ्या तंबूला वाटतं. तो घास घेतो आणि म्हणतो, "कालवणात मीठ कमी आहे."

तंबू खदखदून हसला. भामाबाईनं हसता हसता डोळ्याला पदर लावला. सुलाबाई मात्र तंबू रिकामा झाला तरी जमिनीवर बसूनच होती.

तोडून बोललेलं असं एक वाक्य तिचंही होतं. तिचा नवरा हरिबा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठी जायचा, पावसाळ्याला परतायचा. तीन वर्षांमागं पाच वर्षांच्या लेकीनं, मनूनं हट्ट धरला, म्हणून तिलाही घेऊन गेला. वाटेतच तापानं पोर गेली. तो एकटा दारात उभा राहिला तेव्हा सुलाबाई म्हणाली होती, "मेंढरं तेवढी मोजून आणलीसा. माझी पोरच कशी मोजायची ऱ्हायली?"

त्यानंतरचे दोन पावसाळे हरिबाची मेंढरं घराकडे वळली नाहीत. कुणाच्या तरी खांद्यावरून लोकर यायची, दाणे यायचे. माणूस यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी चुलतदीर ज्योतिबा हरिबाच्या तळावर, पलूसकडे निघाला. तंबूही तिकडेच जाणार होता.

"भावजी, त्येस्नी सांगा, त्यो शिनेमा बघा म्हनावं. लय चांगला हाय."

ज्योतिबा हसला. "आन् मेंढरं कोन बघंल वयनी? त्यातली हिरवीन?"

"तुमी बघा की येक दिस!"

"बघतू. पर सांगायचं माझ्या ध्यानात ऱ्हाईल व्हय? वाटंत सतरा गावं."

साधं बोलणं वाटेत सांडतं, हे धनगरांना ठाऊक असतं. म्हणून जपायचा निरोप ते ओवीत घालतात. एक शब्द गळला तरी ताल चुगली करतो. सुलाबाई चुलीकडे बघत पुटपुटली,

"पलूसच्या माळावरी उतरंल पांढरा तंबू,
पडद्यावरली अस्तुरी पुसं, किती गं मी थांबू."

ज्योतिबानं ती दोनदा म्हणून पाहिली. तिसऱ्यांदा म्हणताना तो चेष्टा विसरला. "जातू वयनी," एवढंच म्हणाला.

मग दिवस आले नि गेले. ऊन सकाळी अंगणात यायचं, बसायचं, संध्याकाळी उठून जायचं. घरात येणारं-जाणारं तेवढंच. सुलाबाई एका माणसाच्या भाकरी थापायची, आणि तव्यावर दोन व्हायच्या.

शिमग्याच्या तोंडावर ज्योतिबा परतला.

"बघितला त्यानं. पर शेवटाला यंत्र बिघडलं. बाई ताट वाढून बसली आन् निस्ता अंधार. मानसं वरडली, उठून गेली. ह्यो मातूर तितंच बसून. म्या म्हनलं, चल की गड्या. तर म्हनतुय, पुढं काय झालं त्ये तिला इचारून ये."

शेवट सुलाबाईच्या ओठावर आला होता. तिनं तो गिळला.

"शेवट ववीत बसत न्हाई म्हनावं. ऐकायचा आसंल तर यावं लागंल."

ज्योतिबा उलट पावली पलूसला गेला. नवव्या दिवशी भर दुपारी माळावर एकच माणूस दिसला. मागं मेंढरं नव्हती. ती ज्योतिबाकडे ठेवून आला असणार. चाल ओळखून सुलाबाईनं कालवण चुलीवर चढवलं आणि मिठाचं मडकं मुद्दाम बाजूला सारलं.

हरिबा पाहुण्यासारखा उंबऱ्याबाहेर थांबला. दाढी पिकली होती.

"बसा," ती म्हणाली.

तो जेवू लागला. एक भाकरी संपली, दुसरी संपली. सुलाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्यानं ताट पुसून खाल्लं. अवाक्षर नाही.

शेवटी तिलाच राहवेना. "कालवण कसं झालंय?"

"चांगलं हाय."

"आन् मीठ?"

तो खाली बघत राहिला. "मीठ न्हाई त्यात."

"मग बोलायचं न्हाई व्हय?"

"मला वाटलं, मला मीठबी द्यायचं न्हाई तुला. म्हनलं, बराबर हाय."

सुलाबाईनं तोंडावर पदर दाबला. "आवं, त्यो शेवट हुता की! तंबूतला! तुमी म्हनायचं, मीठ कमी हाय. मग समदी हसत्यात!"

हरिबाला आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि त्यानं तळहात पुढं केला. हातात मीठ दिलं की भांडण लागतं म्हणतात. सुलाबाईनं चिमूट ताटाच्या कडेला ठेवली. मनूचं नाव अजून दोघांपैकी कुणी काढलं नव्हतं.

ताट रिकामं होतं. तिनं पुन्हा कालवण वाढलं.