म्हशीच्या आंबोणातला कोंडा

माझ्या वीरराजूदादाचं लग्न झालं, त्याच वर्षी आमच्या गोदावरीकाठच्या गावात तांदळाची गिरणी सुरू झाली. घरोघरची उखळं पालथी पडली. गिरणीचा तांदूळ मोगऱ्यासारखा पांढरा निघे. कोंडा म्हशींना जाई.

शेषम्मावहिनीचा पहिला मुलगा तीन महिन्यांचा होऊन वारला. रडायला तोंड उघडायचा, पण आवाज फुटायचा नाही. दुसरा झाला तेव्हा आईनं पथ्य आणखी कडक केलं: बाळंतिणीला फक्त जुन्या तांदळाचा पांढरा भात, लसूण आणि मिरं. तिसऱ्या महिन्यात याचाही आवाज बसला.

दोन दिवसांनी मी वहिनीला गोठ्यात पाहिलं. म्हशीच्या आंबोणातला कोंडा ती मुठीमुठीनं पदरात भरत होती. मी धावत जाऊन आईला सांगितलं.

आईनं तिला पदर झटकायला लावला. "अंगावर पिणारं पोर असताना कोंडा खातेस? कुणी शिकवलं?"

"पोलम्मानं, आत्याबाई. म्हणाली, दूध सुधारतं."

"तिचं कांडपाचं काम गेलं ना! गिरणीवरचा राग माझ्या नातवावर काढतेय."

आईनं पोलम्माला बोलावलं. ती कोंड्याचे गुळातले लाडू घेऊनच आली. "अम्मा, मी सहा पोरं वाढवली. एकाचाही आवाज गेला नाही. आम्ही कोंड्यासकट खातो."

"आधी तू खा."

पोलम्मानं उभ्याउभ्या दोन लाडू खाल्ले. "तुमची म्हैस उगाच नाही एवढी माजली!"

"दात काढू नकोस. उद्या याच वेळेला येऊन दाखव. धडधाकट असलीस तर बघू."

"पोराला उद्यापर्यंत दम निघेल का, अम्मा?"

"एवढी घाई कसली गं तुला?"

उरलेले लाडू आईनं शिंक्यावर ठेवले आणि खालीच बसून राहिली. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन वर बघत होती. आई अंघोळीला गेली तेव्हा पाटावर चढून मला एक लाडू काढता आला असता. पण मलाही पोलम्माचा संशय होता.

दुसऱ्या दिवशी पोलम्मा ठरल्या वेळी आली, धडधाकट. ओसरीवर जमलेली माणसं बघून पायरीवरच थांबली. आई उठली. शिंक्यावरचे लाडू काढून तिनं वहिनीच्या ओटीत टाकले.

त्या लाडवांनी तो वाचला असता की नाही, मला सांगता येणार नाही. पुढच्या तिन्ही बाळंतपणांत वहिनीनं कोंडा खाल्ला आणि तिन्ही पोरं जगली.

त्याचं नाव सत्यम होतं. माघ शुद्ध नवमीला सकाळी, पोलम्मा यायच्या दोन तास आधी, तो गेला.