पिंप्राळ्याची चक्की आणि उपासाचे पीठ

मित्रांनो, मी एक जुनी पिठाची चक्की आहे. जळगावच्या पिंप्राळ्यात एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी माझे दुकान आहे. तुमच्या घरच्या भाकरीचे पीठ कदाचित माझ्याच दगडांमधून गेले असेल. मी दिसायला देखणी नाही, आवाजही माझा मोठा. पण माझे नाव चांगले आहे, आणि ते कसे झाले हे सांगताना मला अभिमान वाटतो.

माझी पहिली वर्षे अमळनेरला गेली. तिथल्या मालकाने मला मोडीत काढायचे ठरवले, तेव्हा रतिलालभाऊंनी मला टेम्पोत घालून इथे आणले. त्यांनी माझे लोखंड घासले, नवा पट्टा चढवला आणि दगडांना स्वतःच्या हाताने टाकी लावली. टाकी लावणे म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करणे. त्या दिवशी मी पहिल्यांदा ज्वारी दळली. भाऊंनी चिमूटभर पीठ दोन बोटांत चोळून पाहिले आणि मान हलवली. ती माझी पहिली शाबासकी.

खान्देशात घरोघर कळण्याची भाकरी होते. ज्वारी आणि सालीसकट अख्खे उडीद एकत्र दळले की कळण्याचे पीठ तयार होते. माझे बहुतेक दिवस तेच दळण्यात जात. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मात्र भाऊ मला धुऊनपुसून कोरडी करत आणि दिवसभर फक्त भगर आणि राजगिरा दळत. धान्याचा कणही लागलेले पीठ उपासाला चालत नाही. तरीही बायका आपापल्या डब्याजवळ उभ्या राहून बघत. गल्लीतल्या यशोदाबाई, सगळ्यांच्या अक्का, तर स्टूल ओढून माझ्यासमोरच बसत. त्यांचा उपास कडक आणि जीभ त्याहून कडक.

एका वर्षी त्याच दिवशी ती गोष्ट घडली. दुपारपर्यंत बरेच डबे दळून घरोघर गेले होते. यशोदाबाईही आपला डबा घेऊन गेल्या होत्या. माझ्या तोंडाला एक कापडी बाही बांधलेली असते, तिच्यातून पीठ डब्यात पडते. भाऊंनी ती सहज झटकली. पांढऱ्या भगरीत काळे ठिपके पडले. उडदाची साले. आदल्या दिवशीचे कळण्याचे पीठ बाहीच्या शिवणीत अडकून राहिले होते. भाऊंनी माझे दगड धुतले, पत्रा पुसला, पण बाही सोडायची विसरले होते.

त्यांनी मोटार बंद केली. शेजारी वनाभाऊंचे पंक्चरचे दुकान आहे. ते येऊन डोकावले.

"भाऊ, चिमूटभर पीठ ते. महादेव काय भिंग लाईसन बसेल शे का?"

"महादेव समजून घेईल रे," भाऊ म्हणाले. "अक्काले माहीतच नही, ती काय समजून घेईल?"

"समोर नवी चक्की उघडेल शे. तू सोता आपलं गिऱ्हाईक तिच्या दारात नेऊन सोडी राहिना."

भाऊंनी किराणा दुकानातून नवी भगर आणि राजगिरा आणला, बाही गरम पाण्यात उकळून वाळवली आणि मला पुन्हा चालू केले. मग शटर ओढून ते स्कूटरवर निघाले. मागे मुलगी पुनम पिठाच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली. प्रत्येक दारात भाऊ एकच सांगत होते: सकाळचे पीठ खाऊ नका, माझ्या हातून चूक झाली.

पुढचे मी पुनमच्या तोंडून ऐकले. ती आईला सांगत होती. कुणी हसून पिशवी घेतली, कुणी घेतलीच नाही. यशोदाबाई दारातच कडाडल्या, "मी समोर बसेल व्हतू, तरी माले दिसनं नही. तू नही सांगतास तं मी खाई जातू. आते तुना चक्कीवर कोन येई?"

तसेच झाले. कितीतरी बायका समोर जाऊ लागल्या. गल्लीतली पोरे भाऊंना 'उपासमोडे' म्हणत. दुपार दुपार माझा पट्टा हलत नसे आणि पत्र्यावर धूळ बसे. पुनम कधी चिडून म्हणायची, "नाना, काय गरज होती सांगायची?" भाऊ माझ्या दगडांना टाकी लावत राहायचे.

दिवाळीच्या सुमारास, समोरच्या चक्कीवर गेलेल्यांपैकी लताबाई डबा घेऊन परत आल्या. वनाभाऊंनी चेष्टेने विचारले, "काय वहिनी, समोरचं पीठ संपलं का?"

"तिथं कधीच काही चुकत नाही," लताबाई म्हणाल्या. "मला त्याचीच भीती वाटते."

हे वाक्य गल्लीभर फिरले. माझी जाहिरात अशी एकदाच झाली, तीही फुकट. रतिलालभाऊ चुकले तर सांगतात. सांगायला आले नाहीत, म्हणजे पीठ चोख, असे लोक धरून चालू लागले. हळूहळू बायका डबे ठेवून आपल्या कामाला जाऊ लागल्या. एक दिवस यशोदाबाईही डबा टेकवून मागे न बघता निघून गेल्या. भाऊ त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. स्टूल त्यानंतर माळ्यावर गेले.

गेल्या पौषात भाऊ गेले. त्यांचा पिठाने पांढरा झालेला चष्मा माझ्या शेजारच्या फळीवर आहे. पुनमने तो अजून पुसलेला नाही.

पुनम सकाळी मुलांच्या शिकवण्या घेते. या महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी तिने दुपारी शटर उघडले. पहिल्या आल्या यशोदाबाई. आता त्यांच्या हातात काठी आहे. डबा ठेवून त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "स्टूल कोठे शे?"

पुनम थबकली. "अक्का, नानांची चक्की आहे ही."

"तो भरोसा तुना बापना व्हता. तो त्यानी कमावला. तुनं आजून देखनं शे."

मला वाटले, पोर दुखावली. पण तिने माळ्यावरून स्टूल काढले, पदराने पुसले, अक्कांना बसवले. मग माझी बाही सोडून उलटी केली आणि तिची शिवण त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. नंतरच मोटार चालू केली. अक्का शेवटचा कण पडेपर्यंत बसल्या. उठताना त्यांनी चिमूटभर पीठ दोन बोटांत चोळले.

"परवा ज्वारीना डबा धाडसू," त्या म्हणाल्या. "मी काय येत नही. गुडघा दुखतस."

पुनमने मान वळवली आणि बराच वेळ माझा पट्टा नीट करत राहिली. तो नीटच होता.

मित्रांनो, लोखंड, दगड, दुकान हे सगळे बापाकडून लेकीकडे येते. भरवसा तसा येत नाही. तो ज्याचा त्याने मिळवायचा असतो. म्हणून दळण घेऊन याल तेव्हा खुशाल उभे राहून बघा. बघणाऱ्याचा राग ज्या चक्कीला येत नाही, तिथेच डबा ठेवा. आणि उद्या कुणाचा डबा तुमच्या हाती आला, तर त्याची पाठ वळल्यावरही तो समोरच बसला आहे असे समजून दळा.